राणीच्या पानाची पाठ

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाची नव्हे आणि चष्म्याची तर अजिबात नव्हे. चष्म्याच्या काचा जन्मभर एकाच नाकावर बसून राहतात आणि स्वतःला शहाण्या समजतात. मी भिंगाची काच. अंगठ्याच्या पेराएवढी, पितळेच्या घडीच्या डबीत राहणारी. माझ्याखाली मुंगी आली की मांजरीएवढी दिसते. आणि माझ्यातून बघायला लागलं की माणूस आधी एक डोळा मिटतो, मग तोंड उघडतो. तोंड का उघडतो ते मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

आत्ता मी बोलतेय ती एका फळीवरून. माझ्यापुढं लाल सरबताची बाटली ठेवलीय, तिच्यात नळी खुपसलीय. ती माझ्यासाठी आहे. काच सरबत कशी पिणार, हे कुणी विचारलं नाही. माझ्या अंगाला जाईच्या वासाची पावडर फासलीय आणि डबीच्या बिजागरीत गुलाबी रेशमी फीत बांधलीय. मला धड काही दिसत नाही. आणि आज नेमकं मला दिसायला हवंय. का ते सांगते, पण पहिल्यापासून सांगते. मधूनच सांगितलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल, आणि वेडी मी नाही. वेडी होती ती सगळी माझ्या भोवती होती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. घासघासून गोल केलं, तेवढं आठवतं. दुखलं, पण मी ओरडले नाही. शाळेत मला कुणी घातलं नाही. जे शिकले ते बघून शिकले, आणि पोथ्या वाचून शिकलेल्यांनाही बारीक अक्षर दाखवायला शेवटी मीच लागले.

माझा पहिला मालक खामसिंग. थायलंडातल्या साकोन नाखोनच्या ताईतबाजारात पत्र्याच्या छपराखाली त्याचं टेबल असायचं. आता त्याला सगळे ता म्हणतात, म्हणजे आजोबा. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि मी त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात लोंबायचे. लोक नखाएवढ्या मातीच्या बुद्धमूर्ती घेऊन यायचे. त्या बाजारात देव विकत घेतला असं कुणी म्हणत नाही, भाड्यानं घेतला म्हणतात. देवाला विकत घेण्याची भाषा बरी दिसत नाही. पण भाड्यानं घेतलेला देव खोटा निघाला की माणसं विकत घेतलेल्या म्हशीसारखी भांडतात.

ता मूर्ती माझ्याखाली धरायचा आणि गप्प बसायचा. समोरच्याला घाम फुटेपर्यंत गप्प. मग मूर्ती उलटी करायचा. चेहऱ्याकडं तो एक नजर टाकायचा, पाठीकडं सगळा वेळ द्यायचा. मला म्हणायचा, म्हणजे स्वतःशीच म्हणायचा, की खोटी मूर्ती करणारा चेहऱ्यावर जीव ओततो आणि पाठीपर्यंत येता येता कंटाळतो. पाठीवरच्या भेगा, मातीचा कण, बोटाचा ठसा, तिथं खरं काय ते कळतं. मूर्ती खोटी निघाली की माणूस ताला काही बोलायचा नाही. ही काच खराब आहे, असं म्हणायचा. तेव्हाच मी ओळखलं की माणसाला काच नको असते, होकार हवा असतो.

मग ताचे हात थरथर कापायला लागले. आधी एक, मग दुसऱ्यालाही वाटलं आपण का मागं राहावं. मूर्ती माझ्याखाली नाचायला लागल्या. एके दिवशी त्यानं टेबल आवरलं आणि मला घेऊन घरी बसला. हाताचं दुःख तो गिळायचा, पण झोप गेली. ओसरीवरच्या बाजेवर रात्रभर उताणा पडून राहायचा. दवाखान्यानं जिभेखाली टाकायचे थेंब दिले, गांजाच्या फुलांचं तेल. हात कापायचे ते कापतच राहिले, पण ता झोपायला लागला. घोरायलाही लागला. त्याची बायको त्या घोरण्याला शिव्या द्यायची आणि ऐकत पडून राहायची.

ती याय बुआलाय. याय म्हणजे आजी, पण तिला आजी म्हणून कुणी लाडात आलं की ती मिरचीच्या खलबत्त्याकडं बघायची. दवाखान्याला ही फुलं पुरवणारा बायकांचा गट होता, प्रत्येकीच्या घरात झाडांची एक खोली, आणि त्यातली सगळ्यात चांगली खोली याय बुआलायची. वरच्या मजल्यावर, थोरल्या लेकाची. लेक रायोंगला कारखान्यात गेला तसा परत आलाच नाही. त्याच्या भिंतीवरच्या फुटबॉलवाल्यांवर यायनं चंदेरी कागद चिकटवला, पंखे लावले, छताला जांभळे दिवे टांगले आणि मधोमध ठेवली राणी.

राणी म्हणजे गांजाचं मूळ झाड. ती स्वतः फुलत नसे, तिला फुलू देतच नसत. तिच्या फांद्या छाटून लावायच्या, त्या लेकी फुलायच्या, आणि त्यांच्या फुलांचं तेल व्हायचं. मधे एकदा दवाखान्यानं ताला दुसऱ्या कुणाच्या झाडाचं तेल दिलं, तर हा पुन्हा छताकडं बघत पडला. खरं तेलामुळं की हट्टामुळं, देव जाणे. पण यायच्या डोक्यात पक्कं बसलं की राणी आहे तोवर म्हातारा झोपेल. त्यामुळं राणीला ती जगातल्या सगळ्यांपेक्षा जास्त शिव्या द्यायची. तिच्या मायेची तीच रीत होती.

आणि राणीच्या पानांवर ठिपके आले.

बारीक, फिकट, सुईनं टोचल्यासारखे. यायनं चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग खाली उतरली आणि ताच्या गळ्यातून मला ओढून काढलं.

"दे इकडं. तुझ्या देवांना आता सुट्टी."

"पाठ बघ," ता म्हणाला.

"झाडाला पाठ नसते. झाड सगळीकडून पुढंच असतं."

वर येऊन तिनं मला पानाच्या चेहऱ्यावर धरलं. मी प्रामाणिकपणे ठिपके दहापट केले. यायनं तोंड उघडलं, मिटलं आणि निदान केलं. झाड उपाशी आहे. कुणाला विचारणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं भातशेती, रेशमाचे किडे, तीन पोरं आणि एक नवरा हे सगळं कुणाला न विचारता वाढवलं होतं. तिनं खारवलेल्या माशाचं आंबवलेलं पाणी राणीच्या कुंडीत ओतलं. मला नाक नाही, पण पंखा त्या दिवशी जरा थबकल्यासारखा वाटला. मला तिनं दाराशेजारच्या खिळ्याला टांगलं, आणि तिथून पुढचा सगळा तमाशा मी पाहिला.

ठिपके वाढले. इथवर सगळं साधं होतं. झाड आजारी पडतं, माणूस चुकीचं औषध देतो, यात नवल नाही. नवल पा लामूनच्या पावलानं आलं.

पा लामून शेजारची. पा म्हणजे मावशी. वयानं यायपेक्षा लहान, आवाजानं मोठी. तिला जगात दोनच गोष्टी कळायच्या, तिखट आणि लॉटरी. केळीला वाकडा कोंब आला, सरडा छपरावरून पडला, भिक्खूंची गाडी पंक्चर झाली, की ती आकडा शोधायची. खारवलेल्या माशाचा वास वरच्या मजल्यावरून का येतोय हे बघायला आली आणि राणीसमोर उभी राहून तिनं दोन्ही हात जोडले.

"याय, हे चोपन्न आहे."

यायला आधी ठिपकेच दिसले. मग लामूननं पिशवीतून पावडरचा डबा काढला. झाडाच्या खोडातला आकडा नीट उमटावा म्हणून त्याला पावडर चोळायची, ही तिकडची जुनीच रीत. फक्त खोडाला चोळतात, पानाला नव्हे. पण खोडावर ठिपके नव्हते. लामूननं मोठ्या पानावर पावडर टाकली, बोटानं हळुवार फिरवली, आणि मला कबूल करायला हवं, पाच दिसला. चार मात्र मला तरी दिसला नाही. मोबाइलवर फोटो काढून तिनं गल्लीच्या गटात पाठवला.

सोडत झाली आणि शेवटचे दोन आकडे चोपन्न लागले.

त्यानंतर त्या खोलीचं काय झालं ते मी सांगते, तुम्ही ऐका, आणि हसायचं असेल तर हसा. दुसऱ्या दिवशी सकाळीच जिना वाजायला लागला. झेंडूच्या माळा आल्या. लाल सरबताच्या बाटल्या आल्या, प्रत्येकीत नळी. प्लास्टिकचे झेब्रे आले, कारण देवांना झेब्रे आवडतात म्हणे. का आवडतात, हे देवांनाच माहीत नसेल. कुणीतरी राणीच्या कुंडीला हिरवं रेशमी वस्त्र नेसवलं. जांभळ्या उजेडात उदबत्त्यांचा धूर साठला. बायका बाहेरच्या बागेतून, मळ्यातून, त्याच पायांनी, त्याच बाह्यांनी आत यायच्या, राणीला मिठी मारून पावडर फासायच्या आणि एक डोळा मिटून उभ्या राहायच्या.

यायनं त्यांना हाकलायला हवं होतं. मी खिळ्यावरून वाट बघत होते की ही आता खलबत्ता उचलणार. पण पहिल्या बाईनं वाकून तिला राणीची आई म्हटलं, दुसरीनं तिच्यासाठी चिकट भाताची टोपली आणली, आणि तिसरी म्हणाली, "याय, तुमच्या हाताला काहीतरी आहे." आयुष्यभर हिच्या हाताला कुणी काही म्हटलं नव्हतं. ती गप्प राहिली. मला वाटतं तिला ठिपके बरे करायचे होते आणि नव्हतेही. ठिपके गेले तर आकडे जाणार होते, आणि आकडे गेले तर जिना पुन्हा मुका होणार होता.

एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर ती ओलं फडकं घेऊन राणीपुढं बसली. पावडर पुसायला घेतली आणि हात मागं घेतला. "तुला नक्की होतंय तरी काय, टवळे," असं म्हणाली. राणीची खालची पानं पितळेच्या रंगाची झाली होती. खोलीतच शेजारी कापडी तंबूत वाढणाऱ्या लेकींच्या पानांवरही टोचल्या खुणा दिसायला लागल्या होत्या. याय एकेक पान बघत गेली. फडकं तिच्या हातात वाळून गेलं.

आता घोटाळा असा झाला की गल्लीच्या त्या मोबाइल गटात मो पिमचनही होती. मो म्हणजे डॉक्टर. उपजिल्ह्याच्या दवाखान्यातली तरणी बाई, खोल्यांची देखरेख तिच्याकडं. चोपन्नचा फोटो आला तेव्हा तिनं इतरांसारखे जोडलेले हात पाठवले होते. पुढच्या फोटोत पानं पांढरीफटक बघितल्यावर तिला आपला पेशा आठवला. तिनं याय बुआलायला फोन केला. पानांवर भुरी आहे, बुरशी आहे, अशी फुलं रुग्णांच्या तेलात चालायची नाहीत. रोग मूळ झाडावर आहे म्हणजे लेकींचा भरवसा नाही. फांद्या तोडू नका, कुंड्या हलवू नका. शुक्रवारी सकाळी पिशव्या घेऊन येते. राणी आणि लेकी, सगळं जाळावं लागेल.

याय हो म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला ठाऊक होतं ती भुरी नाही. ती लामूनची जाईची पावडर होती, बाजारात मिळणारी, बाळांना लावायची. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण दवाखान्याच्या औषधी खोलीचं तिनं देऊळ होऊ दिलं होतं, आणि परवानगीच्या कागदावर झेब्र्यांचा उल्लेख नव्हता. सांगावं तर खोली जाणार, न सांगावं तर राणी. शिवाय पावडर पुसली तरी खाली ठिपके होतेच, आणि ते कशाचे हे तिला कळलं नव्हतं. मला कळलं नाही, हे तीन शब्द तिच्या तोंडातून याआधी कधी निघाले नव्हते. त्यांना वाट माहीत नव्हती.

शुक्रवारी सकाळी गल्ली नेहमीपेक्षा लवकर वर आली, कारण शनिवारी सोडत होती. मो येणार आहे हे यायनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी नेमकं भांडण पेटलं. मोठ्या पानावरचा आकडा सहा की नऊ. देठाकडून वाचलं तर सहा, टोकाकडून वाचलं तर नऊ. लामून म्हणे झाड खालून वर वाढतं, म्हणून देठाकडून वाचायचं. दुसरी म्हणे देव वरून बघतो. शेवटी कुणाला तरी आठवलं की खाली ओसरीवर आख्ख्या साकोन नाखोनचा जुना पारखी बसलाय. खुर्चीसकट त्याला उचलून वर आणला.  बऱ्याच वर्षांनी कुणी त्याच्याकडून निवाडा मागत होतं, त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं. मी ते हात ओळखले. ते मला ओळखत होते की नाही सांगता येत नाही, कारण ते कुठंच थांबत नव्हते.

"ता, सांगा. अस्सल आकडा कुठला," लामून म्हणाली.

ता गप्प बसला. बायकांना घाम फुटला. त्यानं पानाच्या चेहऱ्याकडं एक नजर टाकली आणि मग, सवयीनं, दुसऱ्या हातानं पान उलटं केलं.

"अहो, आकडा पुढं आहे."

"पुढचं पुढं," ता म्हणाला. आणि मला खाली आणलं.

तेव्हा मी पहिल्यांदा राणीच्या पानाची पाठ बघितली. दोन शिरांच्या बेचक्यात कोळ्याचं बारीक जाळं, त्यावर मोत्यांसारखी गोल अंडी, आणि मोत्यांमधून फिरणारे जीव. आठ पाय, पिवळट पारदर्शक अंग, दोन्ही कुशींवर एकेक काळा डाग. आख्खं गाव वसलं होतं. पोरं होती, म्हाताऱ्या होत्या, मला वाटतं लॉटरीवालीही असेल. पानाच्या पाठीला तोंड लावून रस प्यायचे, आणि जिथं प्यायचे तिथं पलीकडं, चेहऱ्यावर, एक फिकट ठिपका उठायचा. चोपन्न त्यांनीच लिहिलं होतं.

"हलतंय," ता म्हणाला.

"तुमचा हात हलतोय, ता."

"माझा हात हलतो तेव्हा सगळं हलतं. पान हलतं, शीर हलते, तू हलतेस. हे एकटंच हलतंय."

 तेवढ्यात जिन्यावरून मो पिमचन वर आली. तोंडाला पट्टी, हातात रबरी मोजे, काखेत काळ्या पिशव्यांची गुंडाळी. दारात तिचे पाय झेब्र्याला अडले. तिनं झेब्र्याकडं पाहिलं, हिरव्या रेशमाकडं पाहिलं, बाटल्यांकडं पाहिलं, आणि शेवटी यायकडं.

मोनं मला ताच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाकली. तिनं डोळा मिटला आणि, काय सांगू, तिनंही तोंड उघडलं. ही कोळी कीड आहे, म्हणाली, पिवळी दिसली तरी लाल कोळी म्हणतात ती. हिचं काही करता येतं, धुऊन काढता येते. पण पुढच्या बाजूच्या भुरीचं काय. दोन्ही रोग एका झाडावर असतील तर पिशवीच. आणि तिनं पिशवी झटकून उघडली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी मोच्या हातात होते, पण बघत होते यायकडं. तिचा जबडा चालत होता, विड्याच्या पानावाचूनच. तिनं राणीकडं पाहिलं. मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, वरचं बटण लावून बसलेल्या, जागरणानं डोळ्याखाली काळं झालेल्या. गेले काही दिवस काळजीनं तोही झोपत नव्हता, आणि झोपत नाही हे लपवायला खोटं घोरत होता. हिनं ते पहिल्याच रात्री ओळखलं होतं. खरं घोरणं हिच्याइतकं कुणी ऐकलेलं.

"ती भुरी नाही," याय म्हणाली. "पावडर आहे. लामूनची. आकडा बघायला लावतात. मी लावू दिली. आणि ठिपके कशाचे ते मला कळलं नाही. मी मासळीचं पाणी घातलं."

एवढं बोलून तिनं सगळ्यांकडं अशा नजरेनं पाहिलं, की हसणाऱ्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. कुणी हसलं नाही.

मोनं पट्टी खाली केली आणि पानाचा वास घेतला. मग मला पांढऱ्यावर धरलं. बुरशी असती तर मी तिला धागे दाखवले असते, मुळांसारखे पानाला धरून बसलेले. इथं नुसता भुगा होता, फुंकर मारली की उडणारा. तिनं फुंकर मारली. सहा उडाला आणि नऊही उडाला.

"औषधाच्या खोलीत तुम्ही देऊळ मांडलंत, याय," मो म्हणाली. "मला हे वर कळवावं लागेल."

लामून तोवर भिंतीला टेकून होती. आता तिला कंठ फुटला. "कळवा ना, मो. फोटोखाली तुम्ही हात जोडले होते तेही कळवा. चोपन्नचं तिकीट तुम्हीही घेतलं होतं, माझ्याच पुतणीकडून."

मो पिमचन लाल झाली, सरबताच्या बाटलीइतकी. बराच वेळ ती मला डोळ्याला लावून एका कोऱ्या पानाकडं बघत राहिली. मग मला खाली न ठेवता तिनं तशीच झेंडूची एक माळ उचलली आणि फुलाची पाठ माझ्याखाली धरली. तिथं तेच गाव. तेच आठ पाय, तेच मोती. पहिले कुठून आले देव जाणे, पण पुढचे नवसाच्या माळांतून रोज चालत आले होते, आणि बायकांच्या बाह्यांवर बसून लेकींपर्यंत गेले होते. राणीला जे खात होतं ते राणीच्याच पूजेतून येत होतं. मोनं माळ सगळ्यांना दाखवली. लामूननं बघितलं आणि गळ्यातली स्वतःची माळ काढून टाकली, जणू तिलाच चावली.

राणीसाठी आणलेल्या काळ्या पिशवीत त्या दिवशी माळा गेल्या. वस्त्र गेलं, उदबत्त्या गेल्या. झेब्रे साबणानं धुऊन लामूनच्या अंगणात गेले. मोनं कुलूप लावलं नाही. पण बजावलं, या खेपेची फुलं दवाखाना घेणार नाही, एकही नाही. रोज पान उलटं करून बघायचं, साबणाच्या पाण्यानं पाठी धुवायच्या, फार सडलेली पानं काढायची, खोलीत यायशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. पुढच्या भेटीत एक जरी जिवंत सापडला तर पिशवी.

जाता जाता एक अपघात झाला. मोनं मला परत ताच्या हातात दिलं, लामूनला शेवटचं एकदा बघायचं होतं, तिनं ओढलं, ताचा हात थरथरला, आणि मी फरशीवर पडले. कडेपासून मधपर्यंत तडा गेला. तेव्हाही मी ओरडले नाही.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी उठून याय मला डोळ्याला लावायची, राणीचं एकेक पान उलटं करायची, बोटानं साबणाचं पाणी फिरवायची आणि त्या आठ पायांच्या गावाला अशा शिव्या द्यायची की मला सांगवत नाहीत. मग लेकी. मला वाटतं माझ्यातून बघताना तोंड मिटून ठेवलेलं ती एकटीच, कारण तिचं तोंड बोलत असायचं. मी तडकलेली होते तरी दिसत होतं. पाठ दिसत होती. एके सकाळी तिनं सगळी पानं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि शिवी दिली नाही. जाळं नव्हतं, मोती नव्हते, काही हलत नव्हतं.

ती खेप मात्र वाया गेली. तेल आलं नाही. त्या हंगामात ता पहाटेपर्यंत जागा असायचा, आणि याय त्याच्या बाजेशेजारी चटई टाकून पडायची. ती म्हणायची, वर उकडतं. मो पुढच्या भेटीला आली, तिनं स्वतः पानं उलटी केली, आणि राणीच्या कुंडीवर मंजुरीची नवी चिठ्ठी चिकटवली. नव्या लेकी लावल्या. त्या फुलल्या. एके रात्री ओसरीवरून खरं घोरणं ऐकू आलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत यायनं जो भेटेल त्याला सांगितलं की म्हाताऱ्यानं झोपू दिलं नाही.

इथं मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण लामून अजून जिवंत आहे.

ती ताला बघायला आली, मी टेबलावर होते. तिनं मला उजेडात धरलं. माझ्या तड्याकडं बघितलं, मला फिरवलं, पुन्हा बघितलं.

"याय, हे सात आहे."

सात लागला. शेवटचा नुसता आकडा, पण लागला. त्यानंतर मी टेबलावर राहिले नाही. राणीच्या खोलीत कुणी जायचं नाही असं ठरलंय, ते सगळे पाळतात. म्हणून मला जिन्याच्या तोंडाशी ही फळी करून दिली. राणीला वाचवणारी काच म्हणे. गुलाबी फीत, जाईची पावडर, सरबत. झेब्रेही अंगणातून परत आलेत. यायनं आधी फार आरडाओरडा केला. मग कुणीतरी म्हणालं, काच चमत्कारी आहे खरी, पण ती चालवणारा हात कुणाचा. आणि ती पुन्हा गप्प बसली. मी तिला दोष देत नाही. देते. पण थोडाच.

तेव्हापासून ती पानं नुसत्या चष्म्यानं बघते. चेहऱ्यावरून.

आज सकाळी खोलीचं दार उघडं होतं. पावडरच्या एका फटीतून मला राणीचं खालचं पान दिसलं. त्यावर एक ठिपका आहे, फिकट, सुईनं टोचल्यासारखा. कदाचित पाण्याचा थेंब वाळला असेल. कदाचित खतानं भाजलं असेल. कदाचित कुणीच नसेल तिथं. चेहऱ्यावरून सांगता येत नाही, हे मी ताईतबाजारात शिकले आणि विसरले नाही. आकडा मात्र दिसतोय. एक. लामूनला दिसायच्या आत काहीतरी करायला हवं.

खाली ता झोपलाय, खराखुरा. जिन्यावर पावलं वाजतायत, एक जड, एक ओढत टाकलेलं. ती याय बुआलायची.

याय, वर हात कर. सरबताच्या बाटलीमागं आहे मी. त्या झेब्र्याला बाजूला सार. कमरेच्या सिनचा, त्या लुंगीचा, काठ घे, थुंकी लाव आणि मला पूस, नीट पूस, तड्यातलीसुद्धा पावडर काढ. मला हात जोडू नकोस.

मग पान उलटं कर.